पाटीवर ‘बारावं शतक’ लिहिलंय, पण घर खरंच तेवढं जुनं असतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका दिवसासाठी लिंकन शहरात गेलात. कॅथीड्रलकडे जाणारा स्टीप हिलचा चढ जिथे सुरू होतो, तिथे ‘द स्ट्रेट’ या अरुंद रस्त्यावर ‘ज्यूज हाउस’ नावाचं दगडी घर पाहिलंत. माहितीत ‘बाराव्या शतकाचा मध्य, रोमनेस्क शैली’ असं लिहिलेलं. पण खाली रेस्टॉरंट, अलीकडच्या वाटाव्यात अशा काचेच्या खिडक्या, छप्पर ठणठणीत. म्हणून तुम्ही विचारताय की साडेआठशे वर्षांचं घर असं असू शकतं का, आणि जाणकार हे ठरवतात कशावरून. शेवटी हेही विचारलंत की ते खरंच एखाद्या ज्यू कुटुंबाचं होतं का.

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. त्यातली बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये, चुनखडीच्या दगडाच्या घरांवर गेली. लिंकनच्या या घराच्या दुरुस्तीत माझा हात नाही, पण त्याच्यासमोर मी अनेकदा तासन्‌तास उभी राहिले आहे आणि नवीन मुलांना शिकवायला तिथे घेऊनही गेले आहे.

आधी सरळ उत्तर देते. हो, ते घर बाराव्या शतकातलं आहे. फक्त ‘घर’ या शब्दाची एकच तारीख नसते. छपराची वेगळी, खिडक्यांची वेगळी, आतल्या जिन्याची वेगळी, भिंतीची वेगळी. वरचं छप्पर साडेआठशे वर्षांचं आहे असा पाटीचा दावा नाही. दर्शनी भिंतीचा गाभा, तो दरवाजा आणि वरच्या मजल्यावरच्या गोल कमानींचे अवशेष यांच्याबद्दल ती बोलते. त्यामुळे खरा प्रश्न असा होतो की या भिंतीचा कोणता भाग मूळ जागेवर आहे आणि कोणता नंतर आला. आम्ही हाच शोधतो.

नवखा माणूस सगळ्यात आधी खिडक्यांकडे बघतो, कारण घराचा चेहरा तिथे असतो. पण खिडकी ही दगडी घरातली सगळ्यात बदलणारी गोष्ट. उजेड हवा म्हणून ती मोठी करतात, काच स्वस्त झाली की चौकट बदलतात, दुकान थाटलं की खालची भिंत फोडून मांडणीची खिडकी काढतात. ज्यूज हाउसमध्ये हे सगळं झालेलं आहे. वर नीट पाहिलंत तर आजच्या चौकोनी खिडक्यांच्या आसपास अर्धगोल कमानींचे तुकडे दिसतील. मूळ खिडक्या जोडीच्या होत्या. एका मोठ्या गोल कमानीच्या पोटात दोन छोट्या कमानी आणि मध्ये बारीक खांब, अशी त्या काळातल्या श्रीमंत घरांची रीत. नंतरच्या माणसांनी त्या कापल्या, पण सगळा दगड उपसून काढायचा खर्च कोण करणार? म्हणून कमानीचा वरचा भाग राहून गेला. अर्धवट राहिलेली अशी गोष्ट मला पूर्ण शाबूत गोष्टीपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते. खोटं जुनेपण दाखवायचं असतं तर कुणी ते अर्धं तोडून ठेवलं नसतं.

त्यानंतर माझी नजर दरवाजावर जाते. दरवाजाची गोल कमान कोरीव आहे, एकमेकांत गुंफलेल्या कड्यांसारखी नक्षी तिच्यावर आहे. पण नक्षी हा पुरावा म्हणून कच्चा आहे, आणि हे मी अनुभवाने सांगते. 1536 नंतर राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद केले, तेव्हा घडीव, कोरीव दगडांचे ढीग अक्षरशः विक्रीला आले. कितीतरी शेतघरांना आणि कोठारांना त्यातले दरवाजे लागले. एका गावात मला एका घराचं वय सांगायला बोलावलं होतं. मालकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की घर बाराव्या शतकातलं आहे. दरवाजा सुंदर, कमान गोल, नक्षी अस्सल. बाजूच्या दगडांवर हात फिरवत खाली आले तर एका दगडाची नक्षी उलटी बसवलेली होती, आणि कमानीच्या कडेला भिंतीचे थर तिच्याशी जुळतच नव्हते. मधली फट डबर घालून बुजवलेली. दरवाजा खरंच बाराव्या शतकातला होता, पण घर चारशे वर्षांनी धाकटं होतं. मालकांना ते सांगताना मला वाईट वाटलं होतं.

म्हणून दरवाजा पाहिला की मी एकच गोष्ट विचारते: तो भिंतीत गुंतलेला आहे की भिंतीत बसवलेला आहे? ज्यूज हाउस याचं इतकं छान उत्तर देतं की शिकवायला दुसरं घर शोधावं लागत नाही. दरवाजाच्या कमानीच्या बरोबर वर भिंतीतून पुढे आलेला दगडी भाग आहे. तो धुराड्याचा. वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या भिंतीत, शेकोटीची जागा होती, आणि तिचं वजन दरवाजावरच्या कमानीने पेललेलं आहे. म्हणजे कमान दरवाजाचीही आहे आणि धुराड्याचीही. ही कमान नंतर आणून बसवायची तर आधी वरचं धुराडं उतरवावं लागेल. कमान, धुराडं आणि भिंत ही तिन्ही एकाच वेळी, एकाच पाथरवटाच्या डोक्यात तयार झालेली आहेत. नक्षीवरून शंका घेता येते. वजन कुठून कुठे उतरतं यावर शंका घेणं फार कठीण.

धुराडं दरवाजाच्या डोक्यावर का बांधलं, हा पुढचा प्रश्न मला फार आवडतो. त्या काळातल्या बहुतेक घरांत आग दालनाच्या मधोमध, जमिनीवर पेटवत आणि धूर छपरातून वाट काढी. पण राहायचं दालन वरच्या मजल्यावर असेल आणि त्याची जमीन लाकडी फळ्यांची असेल, तर मधोमध आग पेटवता येत नाही. मग आग भिंतीत न्यावी लागते, भिंत तिथे जाड करावी लागते, आणि त्या जाडीला खालून आधार द्यावा लागतो. दरवाजाला कमान लागणारच होती. तीच थोडी पुढे आणून दोन्ही कामं करून घेतली. शिवाय भिंतीतली शेकोटी आणि दगडी धुराडं त्या काळी चैनीची गोष्ट होती. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसावी हेही मनात असणारच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्चला साधारण 1160 च्या ‘कॉन्स्टेबल्स हाउस’चं धुराडं अजून उभं आहे. देशातल्या सगळ्यात जुन्या धुराड्यांत ते गणलं जातं.

आता शैलीबद्दल, कारण ‘रोमनेस्क’ शब्द तुम्ही अवतरणात टाकला आहे. हा शब्द त्या लोकांचा नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी रूढ केला. रोमन इमारतींसारख्या अर्धगोल कमानी, जाड भिंती, भक्कम खांब, म्हणून ‘रोमनांसारखी’. इंग्लंडमध्ये लोक त्यालाच ‘नॉर्मन’ म्हणतात, कारण 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी देश जिंकल्यावर ही बांधणी इथे सर्वत्र पसरली. तुम्ही पुस्तकात एक शब्द आणि पाटीवर दुसरा वाचलात तर गोंधळू नका.

घरासाठी म्हणून वेगळी शैली नव्हती. जे पाथरवट चर्च बांधत तेच सावकाराचं आणि व्यापाऱ्याचं घर बांधत. म्हणून घराची तारीख शोधायला मी शेजारच्या चर्चकडे जाते, कारण चर्चच्या कामाच्या नोंदी राहतात आणि घराच्या राहत नाहीत. लिंकनमध्ये हे फार सोपं आहे. कॅथीड्रलचं काम 1072 च्या सुमारास सुरू झालं. पुढे बिशप अलेक्झांडरच्या काळात, 1140 च्या दशकात, पश्चिम दर्शनी भागाचे कोरीव दरवाजे झाले. त्या दरवाजांच्या नक्षीशी ज्यूज हाउसच्या दरवाजाचं नातं उघड दिसतं. मग 1185 मध्ये भूकंपाने कॅथीड्रलचं मोठं नुकसान झालं आणि 1192 पासून बिशप ह्यूने नव्याने बांधकाम काढलं, ते टोकदार कमानींचं, गॉथिक. एकाच टेकडीवर, एकाच शहरात दोन टोकं मिळाली. घराची नक्षी पहिल्या टोकाजवळ आहे आणि दुसऱ्या टोकाचं त्यात काहीच नाही. म्हणून अभ्यासक साधारण 1150 ते 1170 म्हणतात. अमुक एक साल कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्याकडे कागद आहे का, ते विचारा.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून असते. शैली सगळीकडे एकाच दिवशी बदलत नाही. मोठ्या कॅथीड्रलच्या सावलीतलं घर नवी पद्धत लवकर उचलतं, आडगावातलं घर पन्नास वर्षं मागे असू शकतं. लिंकनशरमध्येच, म्हणजे लिंकन ज्या परगण्यात येतं तिथेच, बूथबी पॅग्नेलचं जमीनदाराचं दगडी घर साधारण 1200 चं मानतात, म्हणजे कॅथीड्रलवर गॉथिक काम सुरू झाल्यानंतरचं. तरी त्याचा तोंडवळा बराचसा जुन्या वळणाचा आहे: खाली दगडी कमानछताचं कोठार, वर राहायचं दालन, बाहेरून जिना. म्हणून केवळ ‘गोल कमान म्हणजे बारावं शतक’ हा नियम मी कधी लावत नाही.

दगडावरच्या हत्यारांच्या खुणा हा माझा सगळ्यात आवडता पुरावा, आणि दुर्दैवाने सगळ्यात लवकर नाहीसा होणारा. नॉर्मन काळातले पाथरवट दगडाचा पृष्ठभाग कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासत. तिरप्या, समांतर, थोड्या असमान रेघा उठतात. पुढे रुंद छिन्नीचं काम वाढलं आणि खुणा उभ्या, नेटक्या झाल्या. हा बदल त्या लोकांनाही जाणवला होता. कँटरबरीचं कॅथीड्रल 1174 मध्ये जळलं आणि नव्याने बांधलं गेलं, तेव्हा तिथल्या जर्व्हेस नावाच्या साधूने दोन्ही कामांची तुलना लिहून ठेवली. जुनं काम कुऱ्हाडीने केलेलं होतं, छिन्नीने नव्हे, असं तो नोंदवतो. साडेआठशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्यासारखाच दगडाजवळ जाऊन बघत होता, याचा मला अजून आनंद होतो.

दगडांमधले सांधेही बोलतात. 1066 च्या नॉर्मन विजयानंतरच्या पहिल्या काही दशकांत सांधे रुंद, चुना भरपूर. पुढे घडीव दगड इतके काटेकोर झाले की सांधा जेमतेम दिसतो. सॉल्झबरीचा बिशप रॉजर याच्या इमारतींबद्दल माम्झबरीच्या विल्यम नावाच्या साधूने लिहिलंय की दगड असे जुळवलेत की सगळी भिंत एकच दगड वाटावी. हा रॉजर लिंकनच्या अलेक्झांडरचा काका. हे काम कुठल्या वाटेने लिंकनला आलं असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पण या खुणा पुसल्या कशा जातात ते सांगितलं नाही तर उत्तर अपुरं राहील. तुम्ही लिहिलंत की तुमच्या आजोळच्या वाड्याला आता सिमेंटचा गिलावा केलाय आणि भिंती ओल धरतात. इथेही तेच होतं. चुनखडीचा दगड पाणी शोषतो आणि सोडतो. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असला की ओल सांध्यातून बाहेर पडते, झीज सांध्याची होते, आणि सांधा पुन्हा भरता येतो. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की ओलीला बाहेर पडायला फक्त दगड उरतो. हिवाळ्यात ते पाणी गोठतं, क्षार वर येतात, आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. मी एक घर पाहिलं होतं, जिथे काही वर्षांपूर्वी कुणीतरी चांगल्या हेतूने सगळ्या दर्जा सिमेंटच्या करून दिल्या होत्या. दगड आत गेले होते आणि सिमेंटची जाळी तेवढी बाहेर उभी होती. त्या भिंतीवर कुऱ्हाडीच्या खुणा असल्याचं एका जुन्या छायाचित्रात दिसत होतं. आता तिथे हात फिरवला की पिठासारखी भुकटी हाताला लागते. पुन्हा चुना भरून ओल थांबवता आली, गेलेली खूण परत आणता आली नाही. म्हणून कुणाचंही जुनं दगडी घर असो, दर्जा भरण्याआधी जुन्या चुन्याचा नमुना काढून ठेवा. त्यात कोळशाचे बारीक कण सापडले तर त्यांवरून काळाचा अंदाज घेता येतो. चुन्याच्या भट्टीत जुनं लाकूड जळालं असेल तर तारीख मागे सरकते, एवढं लक्षात ठेवून.

दुरुस्ती करणाऱ्याचा उत्साहही गोंधळ घालतो. फ्रान्समधल्या सँ-आंतोनँ-नोब्ल-व्हाल गावात बाराव्या शतकातलं एक देखणं रोमनेस्क घर आहे, पुढे ते नगरगृह झालं. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने त्याची दुरुस्ती केली आणि त्याला घंटेचा मनोरा स्वतःच्या कल्पनेने दिला. आज फोटोत तो मनोराच आधी नजरेत भरतो. ज्यूज हाउसवर असा उपकार कुणी केला नाही, आणि त्यामुळेच त्याच्या दर्शनी भिंतीवरचे थर वेगवेगळे वाचता येतात.

इतकं झाल्यावर माझी क्रमवारी तुमच्या लक्षात आली असेल. आधी वजन पेलणारे भाग, मग शेजारच्या नोंदी असलेल्या इमारतीशी नातं, मग हत्यारांच्या खुणा आणि सांधे, आणि सगळ्यात शेवटी नक्षी. खिडक्या आणि छप्पर पुढच्या शतकांची गोष्ट सांगतात, पहिल्या दिवसाची क्वचितच.

लोक राहत कसे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्वी सरळ सांगायचे की खाली दुकान-कोठार, वर मुख्य दालन. 1993 मध्ये इतिहासकार जॉन ब्लेअर यांनी दाखवून दिलं की अशा पुष्कळ दगडी इमारती मुळात खाजगी खोल्यांच्या होत्या, आणि मुख्य दालन शेजारी, जमिनीवर, बहुधा लाकडी होतं. ते नाहीसं झालं आणि दगडी भाग उरला. खेड्यातल्या जहागिरीच्या घरांना हे मला पटतं. शहरातल्या अरुंद जागेवर, रस्त्याला लागून बांधलेल्या घराला ते जसंच्या तसं लावायला मी कचरते. जागाच नसेल तर माणूस वर चढतो, आणि रस्त्याकडे शेकोटी व देखण्या खिडक्या असलेली खोली ही पाहुण्यांना बसवायचीच खोली वाटते. हे माझं मत आहे. मागच्या अंगणात उत्खनन झालं तर ते बदलायची माझी तयारी आहे.

आता नावाबद्दल. नाव हा वयाचा पुरावा धरू नका. याच चढावर थोडं वर एक नॉर्मन घर आहे, त्याला पूर्वी ‘आरोन द ज्यूचं घर’ म्हणत. आता ते नाव मागे पडलंय आणि त्याला नुसतं ‘नॉर्मन हाउस’ म्हणतात. लिंकनचा आरोन हा ज्यू सावकार मात्र खरा. तो 1186 मध्ये वारला तेव्हा त्याच्याकडचं कर्जरोख्यांचं काम इतकं मोठं होतं की राजाला ते वसूल करायला खजिन्याचा वेगळा विभाग काढावा लागला. दगडी घरं फक्त ज्यू लोकच बांधत, ही समजूतही चुकीची आहे. श्रीमंत ख्रिस्ती व्यापारीही बांधत. शहरं लाकडाची होती आणि आगी वारंवार लागत. लंडनमध्ये तर शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत तीन फूट जाडीची दगडी असावी असे नियम बाराव्या शतकाच्या अखेरीस झाले. ज्याच्या घरात रोखे, दागिने, हिशेब असत त्याला दगड परवडायचा आणि लागायचाही.

तरी या घराच्या बाबतीत नाव पोकळ नाही. तेराव्या शतकात ते वॉलिंगफर्डच्या बेलासेट नावाच्या ज्यू बाईकडे होतं असं परंपरेने सांगतात, आणि शेजारची ‘ज्यूज कोर्ट’ ही इमारत ज्यू वस्तीशीच जोडली जाते. त्या वस्तीचा शेवट दुःखाचा झाला. 1190 मध्ये तिच्यावर जमाव चालून गेला. 1255 मध्ये ह्यू नावाच्या मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ ज्यूंवर घेतला गेला आणि लंडनला 18 जणांना फासावर चढवलं. 1290 मध्ये राजा पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्या आळासाठी 1955 मध्ये कॅथीड्रलमध्ये पश्चात्तापाची पाटी लावली गेली. वर जाल तेव्हा ती शोधून वाचा. घर बांधणाऱ्याचं नाव आपल्याला सांगता येत नाही, पण त्या दरवाजातून ही माणसं आत-बाहेर करत होती असं मानायला चांगली कारणं आहेत.

पुन्हा जाल तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभे राहा, घराला अगदी चिकटून नको. आधी कमानीवरून नजर वर न्या आणि धुराडं कुठे संपतं ते पाहा. मग दोन्ही बाजूंना जुन्या कमानींचे तुकडे शोधा. भिंतीवरून आडवी जाणारी दगडी पट्टी कुठे सलग आहे आणि कुठे तुटलीय, ते वहीत काढून घ्या. तुटली तिथे नंतर कुणीतरी हात घातलाय. मग रेस्टॉरंटवाल्यांची परवानगी घेऊन दरवाजाच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो. तिरप्या उजेडात हत्यारांच्या रेघा शिल्लक असतील तर उठून दिसतात. काही दिसलं तर फोटो इथे टाका, सोबत मापासाठी एखादं नाणं ठेवून. रेघा तिरप्या आहेत की उभ्या, ते आपण मिळून बघू.